फिलिपिनो मंडळींबरोबर बिंगोला बसताना

मालवाहू जहाजांवर इंजिनियर म्हणून काढलेल्या वर्षांत माझे बहुतेक सहकारी फिलिपिनो होते. जगभरच्या खलाशांमध्ये फिलिपिनो आणि भारतीय या दोघांचाही भरणा मोठा असल्याने रत्नागिरी, रायगड किंवा गोव्यातून बोटीवर गेलेल्या माणसाला हा शेजार नवा नाही. आखातातल्या इस्पितळांत आणि हॉटेलांत नोकरी करणाऱ्या मराठी माणसालाही तो परिचयाचा आहे. या शेजारात कधी ना कधी बिंगोचे बोलावणे येतेच. आपण सोसायटीच्या गणपतीत किंवा कुणाच्या वाढदिवसाला हाउजी खेळलेलो असतो, त्यामुळे ‘हे तर आपलेच’ असे समजून आपण बसतो आणि पहिल्याच डावात तोंडघशी पडतो. एक आडवी ओळ पूर्ण होताच मी मोठ्या उत्साहाने ‘बिंगो’ म्हणून ओरडलो, तेव्हा मेसमधले सगळे हसत सुटले होते. कारण तो डाव ओळीचा नव्हताच, इंग्रजी ‘एक्स’ अक्षराचा होता आणि ते मी विचारलेच नव्हते. पुढे ज्या गोष्टी चुकत-माकत शिकलो, त्या इथे क्रमाने मांडत आहे.

खेळ तिथे का रुजला

बिंगोचे फिलिपिन्समधले खरे स्थान हॉलमध्ये नसून गल्लीत आहे. देशात सुमारे 42,000 बरांगाय आहेत. बरांगाय म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखा किंवा वॉर्डासारखा सर्वांत खालचा प्रशासकीय घटक. देश बहुसंख्येने कॅथलिक असल्यामुळे गावोगावी कुठल्या ना कुठल्या संताचा वार्षिक उत्सव, म्हणजे फिएस्टा, भरतो. गोव्यातल्या वाचकांना फेस्ताची आठवण होईल आणि ते साम्य वरवरचे नाही. फिएस्टाबरोबर ‘पेर्या’ म्हणजे जत्रा येते, जत्रेत रंगांवर पैसे लावायचा ‘कलर गेम’ येतो आणि बाकांच्या रांगा मांडून बिंगोही येतो. शाळेचे छप्पर दुरुस्त करायचे असो की चर्चसाठी निधी जमवायचा असो, बिंगोची संध्याकाळ ठेवणे हा तिथला परिपाठ आहे.

खेळाचा साचा अमेरिकी आहे. आपल्या हाउजीत 90 आकडे असतात, कारण ती ब्रिटिश पद्धत आहे. फिलिपिन्समध्ये अमेरिकेत रूढ झालेला 75 आकड्यांचा बिंगो चालतो आणि 1898 ते 1946 या काळात तो देश मुख्यतः अमेरिकेच्या अमलाखाली होता, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. सोडतीची गोडी मात्र त्याआधीची, स्पॅनिश काळातली आहे. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांना 1892 मध्ये दापितान येथे हद्दपारीत असताना सरकारी लॉटरीत भागीदारीतल्या तिकिटावर बक्षीस लागले, त्यांच्या वाट्याला 6,200 पेसो आले आणि त्या पैशातून त्यांनी तालिसाय येथे जमीन घेतली. माझ्या जहाजावर प्रत्येक नवख्याला ही गोष्ट एकदा तरी ऐकवली जाई.

खेळाची ओढ मात्र एवढ्याने उलगडत नाही. बिंगोत कौशल्य शून्य लागते आणि तेच त्याचे बळ आहे. पत्त्यांच्या डावात चतुर माणूस नवख्याला धुऊन काढतो. बिंगोत ऐंशी वर्षांची लोला, म्हणजे आजी, आणि तिचा नातू यांची संधी अगदी समसमान असते. लक्ष दर काही सेकंदांनी एकदाच द्यावे लागते, त्यामुळे हात मेरिएंदासाठी, म्हणजे संध्याकाळच्या खाण्यासाठी, आणि तोंड चिस्मिससाठी, म्हणजे गावगप्पांसाठी, मोकळे राहते. शिवाय खेळ कोणालाही लवकर बाहेर काढत नाही. शेवटच्या आकड्यापर्यंत प्रत्येकजण ‘इसा ना लांग’, म्हणजे ‘आता एकच राहिला’, या आशेवर बसलेला असतो. फिलिपिनो टेबलावर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य हेच.

आणखी एक जागा आपल्याला चमत्कारिक वाटते, ती म्हणजे मृताचे जागरण. मृतदेह काही दिवस घरी किंवा चॅपेलमध्ये ठेवतात आणि त्याला रात्री एकटे सोडत नाहीत. या जागरणाला ‘लामाय’ म्हणतात. रात्रभर जागे राहायचे तर काहीतरी हवे, म्हणून पत्ते आणि बिंगो मांडला जातो आणि जमणाऱ्या पैशांतला ठरलेला हिस्सा, ज्याला ‘तोंग’ म्हणतात, तो मृताच्या कुटुंबाला अंत्यविधीच्या खर्चासाठी दिला जातो. आपल्या नजरेला ही विटंबना वाटू शकते. मला पहिल्यांदा तशीच वाटली होती. पण शवपेटीचा आणि दफनाचा खर्च डोक्यावर असलेल्या घराला शेजाऱ्यांनी न मागता केलेली ती वर्गणी असते, हे कळल्यावर माझे मत बदलले.

पहिली पायरी: कार्ड वाचणे

कार्डावर पाच उभे रकाने आणि पाच आडव्या ओळी, म्हणजे 25 घरे असतात. रकान्यांच्या डोक्यावर बी, आय, एन, जी, ओ ही अक्षरे छापलेली असतात. बी खाली 1 ते 15, आय खाली 16 ते 30, एन खाली 31 ते 45, जी खाली 46 ते 60 आणि ओ खाली 61 ते 75 यांपैकी आकडे येतात. मधोमध असलेले एन रकान्यातले घर फुकटचे असते, ते सुरुवातीपासूनच भरलेले धरायचे. म्हणजे प्रत्यक्षात 24 आकडे भरायचे असतात.

हाउजीची सवय असलेल्याने एक गोष्ट मुद्दाम विसरली पाहिजे. हाउजीच्या तिकिटावर रकाने दशकांप्रमाणे असतात आणि आपली नजर दशकाकडे जाते. बिंगोत नजर अक्षराकडे गेली पाहिजे. अक्षर कानावर पडताच त्या रकान्यावर बोट ठेवावे आणि मगच आकडा ऐकावा. पाचच घरे पाहायची असल्याने दोन-तीन कार्डे असली तरी धांदल उडत नाही. संपूर्ण कार्ड चाळणारा माणूस दुसऱ्या कार्डापर्यंत पोहोचेस्तोवर पुढचा आकडा पुकारला जातो.

दुसरी पायरी: आकडे कानाला ओळखीचे करणे

टागालोग भाषेला स्वतःचे आकडे आहेत, परंतु पैसे, वेळ आणि खेळ यांत स्पॅनिशमधून आलेले आकडे सर्रास वापरले जातात. ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, साइस, स्येते, ओत्सो, नुवेबे, द्येस हे एक ते दहा. पुढे ओन्से अकरा, दोसे बारा, त्रेसे तेरा, कातोर्से चौदा, किन्से पंधरा. दहांचे टप्पे बेन्ते, त्रेन्ता, क्वारेन्ता, सिंक्वेन्ता, सिसेन्ता, सितेन्ता असे 20 ते 70 चे. पुकारणारा बरेचदा इंग्रजी आणि हे आकडे यांची सरमिसळ करतो.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. सिसेन्ता आणि सितेन्ता, म्हणजे 60 आणि 70, आपल्या कानाला एकच वाटतात. तिथे अक्षर मदतीला येते, कारण 60 हा जी चा आणि 70 हा ओ चा आकडा आहे. दुसरा घोळ इंग्रजीतला आहे आणि तो जास्त वाईट आहे. ‘बी फिफ्टीन’ आणि ‘जी फिफ्टी’ यांत अक्षराचा उच्चारही एकमेकांशी जुळतो, त्यामुळे अक्षरही वाचवत नाही. आमच्या मेसमध्ये जनरेटरच्या आवाजात यावरून इतका कडाक्याचा वाद झाला, की बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, त्या दिवसापासून हे दोन आकडे फक्त ‘किन्से’ आणि ‘सिंक्वेन्ता’ असेच पुकारायचे, असा फतवा काढला. फतवा उत्तम होता. तुमच्या टेबलावरही तो लागू करून घ्या.

तिसरी पायरी: खुणेसाठी काय वापरायचे

हॉलमध्ये कागदी कार्डांवर शाईच्या जाड पेनाने ठिपके देतात आणि कार्ड एकदाच वापरले जाते. घरगुती खेळात पुठ्ठ्याची कार्डे पुन्हा पुन्हा वापरायची असल्याने मक्याचे दाणे, खडे, नाणी किंवा ‘तान्सान’, म्हणजे बाटल्यांची बुचे, ठेवतात. पंखा, लहान मूल आणि शिंक हे दाण्यांचे तीन शत्रू आहेत. जहाजावर समुद्र हा चौथा. बिस्केच्या उपसागरात एका रात्री बोट अशी कलली, की चौदा कार्डांवरचे सगळे दाणे एका कोपऱ्यात गोळा झाले आणि डाव रद्द करावा लागला. त्यानंतर इंजिन रूममधून मूठभर जुने लोखंडी वॉशर आणले आणि तेच पुढे कायमचे झाले. घरी खेळताना रुपयाची नाणी पुरतात. हलके काही वापरू नये, एवढेच.

चौथी पायरी: डावाआधी विचारायचे चार प्रश्न

या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, कारण नियम टेबलागणिक बदलतात आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. त्यांच्या दृष्टीने ते सर्वांना ठाऊकच असतात.

पहिला प्रश्न अर्थातच पॅटर्नचा, म्हणजे कोणत्या आकारात घरे भरायची. दुसरा, शेवटच्या आकड्याचा: तुमचा आकार ज्या आकड्याने पूर्ण झाला तोच आकडा सर्वांत शेवटी पुकारलेला असला पाहिजे का? कडक टेबलावर असतोच. तुम्ही डुलकी घेतली, पुढचा आकडा पुकारला गेला आणि मग ओरडलात, तर दावा बाद. सैल टेबलावर उशिरा ओरडले तरी चालते. तिसरा प्रश्न, दोघांनी एकदम बिंगो केला तर बक्षीस वाटून घ्यायचे की नाणेफेक करून ठरवायचे. चौथा, एकाच डावात टप्पे आहेत का. म्हणजे आधी चार कोपरे, मग एखादे अक्षर आणि शेवटी पूर्ण कार्ड असा तोच डाव पुढे चालणार आहे का. टप्पे असतील तर पहिला टप्पा कोणी जिंकल्यावर घाईने कार्ड साफ करायचे नाही. माझ्याकडून ही चूकही झालेली आहे.

पॅटर्नचे प्रकार आणि त्यांचे गणित

सर्वांत साधा प्रकार एका ओळीचा. आडव्या पाच, उभ्या पाच आणि दोन तिरप्या मिळून 12 ओळी होतात. यांपैकी मधली आडवी, मधली उभी आणि दोन्ही तिरप्या अशा चार ओळी फुकटच्या घरातून जातात, म्हणून त्यांना चारच आकडे लागतात. उरलेल्या आठ ओळींना पाच. काही ठिकाणी मुद्दाम फुकटचे घर न वापरता ओळ पूर्ण करायची अट घालतात, त्याला ‘हार्ड वे’ म्हणतात. ही अट लागू असेल तर तुमच्या चार सोप्या ओळी आपोआप निकामी झालेल्या असतात, हे बसतानाच लक्षात ठेवावे.

चार कोपऱ्यांना चार आकडे लागतात. कार्डाच्या एका कोपऱ्यात दोन बाय दोनचा चौकोन भरायचा असतो तेव्हा त्याला ‘पोस्टाचे तिकीट’ म्हणतात, त्यालाही चारच. अक्षरांच्या आकारांत ‘एक्स’ आणि ‘टी’ यांना प्रत्येकी आठ आकडे लागतात, कारण दोन्ही मधल्या घरातून जातात. ‘एल’ दिसायला साधा असला तरी मधून जात नाही, म्हणून त्याला नऊ लागतात. ‘एच’ ला बारा. कार्डाच्या चारही कडा भरायच्या ‘चौकटी’ला सोळा. आणि ‘ब्लॅकआउट’, म्हणजे संपूर्ण कार्ड, त्याला सगळे चोवीस.

यात एक मजेदार गोष्ट आहे. एकच कार्ड धरले तर चार कोपरे पूर्ण व्हायला सरासरी सुमारे 61 आकडे पुकारावे लागतात, एक्स ला सुमारे 68, चौकटीला 71 ते 72 आणि ब्लॅकआउटला 73. म्हणजे चार आकड्यांचे काम आणि चोवीस आकड्यांचे काम यांत सरासरीने बाराच आकड्यांचे अंतर पडते! कारण उघड आहे: उशीर करतो तो एकच शेवटचा आकडा आणि चार आकड्यांतही एखादा हट्टी निघतोच. ‘इसा ना लांग’ इतक्या वेळा का ऐकू येते, याचे उत्तर या गणितात आहे.

टेबलावर बरीच कार्डे असली की चित्र बदलते, कारण तेव्हा सर्वांत नशीबवान कार्डाचा प्रश्न असतो. वीस माणसे प्रत्येकी दोन कार्डे घेऊन बसली, म्हणजे 40 कार्डे झाली, तर एका ओळीचा डाव बहुधा 25 आकड्यांच्या आतच संपतो आणि ब्लॅकआउटचा बहुतेक वेळा 60 ते 70 आकड्यांच्या दरम्यान. संध्याकाळचे वेळापत्रक आखताना हा अंदाज फार कामाला येतो.

हॉलमधल्या मोठ्या बक्षिसांची मेख मात्र वेगळीच असते. तिथे ब्लॅकआउट ठरावीक आकड्यांच्या आत करायची अट असते आणि कोणी जिंकले नाही की रक्कम पुढे वाढत जाते. एका कार्डाने 50 आकड्यांच्या आत ब्लॅकआउट होण्याची शक्यता 2,12,085 मध्ये एक इतकी आहे. 55 आकडे दिले तर 10,359 मध्ये एक आणि 60 दिले तर सुमारे 715 मध्ये एक. पाच आकड्यांच्या सवलतीने शक्यता वीस पटींनी वाढते, हे पाहा. हॉलमध्ये 300 कार्डे खेळत असली तरी 50 च्या अटीत कोणालातरी ते बक्षीस लागण्याचा योग साधारण सातशे डावांत एकदा येतो. तेव्हा फलकावरचा मोठा आकडा वाचण्याआधी त्याखालची आकड्यांची मर्यादा वाचावी.

कार्डे जास्त घेतली तर संधी वाढते का? वाढते, पण खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. समजा 20 पेसोंची 100 कार्डे विकली गेली आणि 1,500 पेसोंचे बक्षीस ठेवले, तर प्रत्येक कार्डाचे सरासरी मोल 15 पेसो. एक घ्या की दहा घ्या, दर कार्डामागे पाच पेसो आयोजकाचे. कुठला आकडा बऱ्याच डावांत आला नाही म्हणून तो ‘येणारच’, या समजुतीला आधार नाही, कारण प्रत्येक डाव नव्याने सुरू होतो. कार्डांचेही तसेच: भरता येण्याजोगी वेगवेगळी कार्डे 55 च्या पुढे पंचवीस शून्ये द्यावीत इतकी आहेत आणि त्यांतले कुठलेच दुसऱ्याहून सुदैवी नाही. हे टेबलावर बोलून दाखवू नये, एवढा सल्ला देतो. आमचा मायोर, म्हणजे बोटीवरचा मुख्य स्वयंपाकी (फिलिपिनो खलाशी त्याला हेच म्हणतात), वर्षभर एकच तेलकट डागाचे कार्ड खेळत होता.

बिंगो पुकारणे आणि तपासणी

आकार पूर्ण होताच मोठ्याने, एकदाच, ‘बिंगो’ म्हणावे आणि कार्डावरून हात उचलावेत. पुकारणारा थांबतो. त्यानंतर कार्डाचा क्रमांक किंवा आकारातले आकडे वाचून ते मुख्य फलकावर पडताळले जातात. पडताळणी पूर्ण होईपर्यंत इतर कोणीही आपले कार्ड साफ करायचे नाही. दावा खोटा निघाला तर डाव तिथूनच पुढे सुरू होतो. चुकीचा दावा करणाऱ्याला थोडी चेष्टा सहन करावी लागते. ‘बोक्या’ हा शब्द ऐकू आला तर समजावे की तुमच्या पदरी शून्य पडले आहे. आपल्या मांजराशी त्याचा काही संबंध नाही.

स्वतः बिंगो भरवायचा असल्यास

वीस-पंचवीस माणसांसाठी फार सामान लागत नाही. आकडे काढायच्या फिरत्या पिंजऱ्याला किंवा ड्रमला फिलिपिनो ‘ताम्बियोलो’ म्हणतात. तो नसेल तर झाकणाचा मोठा डबा घ्यावा आणि 75 बुचांवर अक्षर आणि आकडा दोन्ही लिहावे. नुसता आकडा लिहिला तर पुकारणाऱ्याला दर वेळी अक्षर मनात जुळवावे लागते आणि तिथेच चुका होतात. 6 आणि 9 च्या खाली रेघ मारावी. डाव सुरू होण्याआधी सर्वांसमोर बुचे मोजावीत. 75 च्या जागी 74 निघाली आणि ते अर्ध्या डावात उघडकीस आले, तर त्या संध्याकाळची रया जाते.

आकडा काढणारा आणि लिहिणारा अशी दोन माणसे वेगळी ठेवावीत. काढणाऱ्याला ‘तागाबुनोत’ म्हणतात. त्याने अक्षर आणि आकडा दोनदा म्हणावा, बूच वर धरून दाखवावे आणि मगच ते फलकावर जागेवर ठेवावे; डब्यात परत टाकू नये. वेग दहा सेकंदांना एक आकडा असा ठेवला तर 65 आकड्यांचा ब्लॅकआउट अकरा मिनिटांत संपतो आणि वयस्कर मंडळी मागे पडत नाहीत. ‘स्पीड बिंगो’ नावाच्या प्रकारात हाच वेग दुप्पट-तिप्पट करतात. तो शेवटी, मंडळी सरावली की एखाद्या डावापुरता ठेवावा. दरम्यान डबा मधून मधून हलवत राहावा, नाहीतर कोणीतरी ‘आलुगिन’, म्हणजे ‘हलव’, असे ओरडेलच.

बक्षिसांच्या बाबतीत फिलिपिनो पद्धत मला आपल्यापेक्षा शहाणपणाची वाटते. तिथे घरगुती बिंगोत तांदळाची पिशवी, सार्डिनचे डबे, नूडल्स, कॉफीच्या पुड्या, कपड्यांचा साबण असा किराणा ठेवतात. हरणाऱ्याला हळहळ कमी वाटते आणि जिंकणाऱ्याच्या घरी ती वस्तू खरोखर लागते. जहाजावर कंपनीच्या नियमाने पैसे लावता येत नसत, म्हणून कल्याण निधीतून चॉकलेटचे डबे आणि शीतपेयांच्या पेट्या येत. लहान बक्षिसे ओळीच्या आणि कोपऱ्यांच्या डावांना, मोठे बक्षीस शेवटच्या ब्लॅकआउटला, असा क्रम ठेवावा. मोठे बक्षीस आधी गेले की अर्धी मंडळी जेवणाकडे वळतात.

हॉल, यंत्रे आणि कायदा

मनिलात किंवा सेबूत मॉलमध्ये बिंगोचे हॉल दिसतात. ते पॅगकोर या 1977 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाच्या परवान्याने चालतात. 21 वर्षांखालील व्यक्ती, विद्यार्थी आणि सैन्य-पोलीस दलांतले लोक यांना तिथे खेळायला मनाई आहे. ज्याला आपला हात आवरत नाही त्याला स्वतःहून अर्ज करून ठरावीक मुदतीसाठी आपला प्रवेश बंद करून घेण्याची सोयही पॅगकोरने ठेवली आहे. घरगुती खेळाची बाजू अशी: 1978 च्या अध्यक्षीय हुकूमनामा क्रमांक 1602 ने बेकायदा जुगारांच्या यादीत बिंगोचे नाव घातले, परंतु 1979 च्या 816 क्रमांकाच्या निर्देशाने घरच्या करमणुकीपुरता आणि जुगाराच्या अड्ड्याबाहेर खेळला जाणारा बिंगो त्यातून वगळला. गल्लीतला बिंगो या फटीत निवांत बसलेला आहे.

ई-बिंगोची यंत्रे मात्र नावापुरती बिंगो आहेत. पडद्यावर कार्ड दिसते, पण आकडे काही सेकंदांत पडतात, खूण यंत्रच करते आणि लगेच पुढचा डाव सुरू होतो. शेजारी, गप्पा आणि वाट पाहणे हे तिन्ही गायब. माझ्या मते या यंत्रापुढे बसणाऱ्याने आपण बिंगो खेळत आहोत, असे समजू नये. मोबाइलवरच्या खेळाने हा वेग घरात आणला आणि त्याची किंमतही दिसू लागली: जुलै 2025 मध्ये फिलिपिन्सच्या कॅथलिक बिशप परिषदेने ऑनलाइन जुगाराविरुद्ध निवेदन काढले आणि ऑगस्टमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने मोबाइल पाकिटांच्या ॲपमधून जुगाराकडे जाणारे दुवे काढून टाकायला लावले. भारतात बसलेल्या वाचकाने त्या वाटेला जाण्याचा प्रश्नच नाही, कारण 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे बंदी आहे. आखातातल्या बहुतेक देशांत प्रत्यक्ष टेबलावर पैसे लावणे हाही गुन्हा ठरू शकतो; तिथे किराण्याचा बिंगो बरा.

लामायला गेल्यास

सहकाऱ्याच्या घरी दुःखद प्रसंग घडला आणि तुम्ही जागरणाला गेलात, तर आधी शवपेटीपाशी जाऊन क्षणभर थांबावे, ‘आबुलोय’ म्हणजे मदतीचे पैसे पाकिटातून द्यावेत आणि मग कोणी बोलावले तर बिंगोच्या टेबलावर बसावे. घरचे लोक तुम्हाला दारापर्यंत पोहोचवायला आले नाहीत किंवा त्यांनी आभार मानले नाहीत, तर राग मानू नये. तो अपशकुन समजला जातो. परतताना सरळ घरी न जाता वाटेत कुठेतरी थांबायचे, याला ‘पागपाग’ म्हणतात. सोबतचे फिलिपिनो मित्र चहा-कॉफीसाठी गाडी थांबवतील, तेव्हा घाई करू नये.

जिंकलात तर

आता उरली शेवटची पायरी, जी बाहेरच्या माणसाला कोणी शिकवत नाही. जिंकणाऱ्याने बक्षिसातला थोडा भाग आसपासच्यांना द्यायचा असतो, त्याला ‘बालातो’ म्हणतात. मागणारे हसत हसत मागतात, पण मागतात हे नक्की. आणि देणारा किती देतो यावर त्याची किंमत ठरते. रकमेचा दर ठरलेला नसतो. शेजारच्या दोघांना, पुकारणाऱ्याला आणि ज्याने कार्ड निवडून दिले त्याला तरी द्यावेच.

मला वर्षभरात एकदाच ब्लॅकआउट लागला, सिंगापूर सोडल्यावर तिसऱ्या रात्री, ओ-68 वर. बक्षीस होते कोकच्या चोवीस डब्यांची पेटी. तोपर्यंत बालातोबद्दल मी फक्त ऐकून होतो. एक डबा मायोरला, एक बोसनला, दोन ब्रिजवर पहाऱ्यावर असलेल्यांना, एक ज्याचे कार्ड एका आकड्याने राहिले त्या मेसमनला, असे करत मी जिना चढत होतो आणि दर वळणावर कोणीतरी ‘सर, बालातो!’ म्हणत उभे होते. केबिनचे दार लावले तेव्हा पेटीत सात डबे होते. आठवा मी सकाळी माझ्या टेबलावर ठेवलेला पाहिला; डब्याखाली एक वॉशर होता.